काट्यावरची नववी

सकाळचे आठ वाजून गेलेत. श्रावणातली सर पत्र्यावर वाजते आहे आणि शाळेच्या सभागृहात नववी ‘ब’ रांगेत उभी आहे. मुलांची रांग एक, मुलींची एक. बूट-मोजे भिंतीच्या कडेला, पट्टे हातात. मुलांच्या रांगेकडे पाहिलं तर ही सगळी एकाच वर्गातली आहेत यावर विश्वास बसू नये. एकाला मिसरूड फुटलीय, त्याच्या मागचा अजून पाचवीतला वाटतो. मुली बहुतेक आधीच वाढून मोकळ्या झाल्यात, कारण मुलींची वाढ मुलांच्या वर्ष-दोन वर्षं आधी उसळी घेते. कुणाची आधी उंची वाढते आणि मग अंग भरतं, कुणाचं नेमकं उलट. या वयात दोन शरीरं सारखी असायचं काही कारणच नाही.

पुण्याच्या एका उपनगरातली ही विनाअनुदानित मराठी शाळा. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. इथे पालक संघाने जवळच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंना बोलावलं आहे. मी मदतनीस. माझ्यापुढे टेबल आणि नोंदवही, डावीकडे उंचीची पट्टी, उजवीकडे काचेचा डिजिटल काटा.

काट्यापाशी पीटीचे सर आहेत. ते आकडा वाचतात, मी लिहिते. सरांचा आवाज मैदानावर तयार झालेला, त्यामुळे आकडा मागच्या दारापर्यंत पोचतो. हजेरी क्रमांक पुकारायचा, मूल काट्यावर चढायचं, आकडा जाहीर व्हायचा आणि रांगेतून शेरा यायचा. आकडा मधला असेल तर शांतता. कमी असेल तर, “धरा रे, वाऱ्याने उडेल!” जास्त असेल तर नुसताच लांबलचक “ओऽऽ”. खरी नावं कुणी घेतच नाही. ढब्बू, काडी, जम्बो, बरगडी. मोठ्यांनी ठेवलेली नावं हजेरीपटावर राहिलीत.

एकतीस नंबर पुढे येतो. याचं नाव टेम्पो. कुणी काही बोलायच्या आत तोच म्हणतो, “सर, काटा बदलायला लागला तर बिल माझ्या नावावर नको.” सभागृह हसतं, सरही हसतात. तो चढतो आणि सरांच्या आधी घाईघाईने स्वतःच आकडा सांगून टाकतो. पाच किलो कमी करून. सर वाकून बघतात आणि खणखणीत आवाजात दुरुस्ती करतात. पुन्हा हशा. तो प्रेक्षकांना नमस्कार करावा तसा वाकतो आणि बूट घालायला जातो.

मी आकडा वहीत उतरवते. इथे लिहीत नाही, कुणाचाच लिहिणार नाही.

डॉक्टर बाई एका मुलाचे दात बघत होत्या. त्या उठून येतात.

“सर, आकडा मोठ्याने नको.”

“मॅडम, प्रगतिपुस्तकात भरायचाय. उंची-वजनाचा रकानाच असतो.”

“भरू ना. वर्गाला कशाला ऐकवायचा?”

चाकांचा फळा ओढून काट्यापुढे आडवा लावला जातो. आता एक-एक मूल फळ्यामागे जातं, काट्यावर पाठमोरं उभं राहतं. आकडा फक्त डॉक्टर बघतात आणि चिठ्ठीवर माझ्याकडे येतो. रांग मंदावते. कुणीतरी कुरकुरतं, “मॅडम, माझं मला तरी सांगा!” बाई म्हणतात, “हवं असेल त्याने नंतर एकट्याने येऊन विचारायचं.” रांगेतले शेरे पाच मिनिटांत बंद पडतात. सर काही न बोलता बघत राहतात.

मग सतरा नंबर येते. दोन वेण्या, गणवेशाच्या आत पूर्ण बाह्यांचा स्वेटर. बाहेर पाऊस आहे, पण पंखे चालू आहेत आणि बाकीच्यांना उकडतंय. चिठ्ठीवरचा आकडा मी वहीत लिहिते. शेजारीच गेल्या वर्षीचा रकाना आहे. उंची वाढली आहे. वजन बरंच खाली आलं आहे. सर खांद्यावरून डोकावतात. “वा! याला म्हणतात मनावर घेणं. गेल्या वर्षी काय होती ही, आठवतंय मला.” मुलगी हसते. सकाळपासून तिला हसताना मी पहिल्यांदाच बघते.

डॉक्टर हसत नाहीत. त्या पिशवीतून मुलींचा वाढीचा तक्ता काढतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली सुधारलेला हा तक्ता; त्या कामात पुण्याचेच डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. बाई आजचं टिंब देतात. ते तक्त्यावर अगदी मध्यावर बसतं. कुणीही म्हणेल, उत्तम. मग त्या गेल्या वर्षीचं टिंब देतात आणि दोन्ही टिंबं पेन्सिलीने जोडतात. चौदाव्या वर्षी जी रेघ वर चढायला हवी ती वरच्या वक्रावरून थेट खाली आलेली असते.

बाई मुलीला खुर्चीवर बसवतात आणि मनगट धरून घड्याळात पूर्ण मिनिटभर नाडी मोजतात. नाडी ५४.

“हात गार आहेत तुझे. थंडी वाजते?”

“थोडी.”

“केस गळतात?”

मान हलते.

“पाळी?”

ती फळ्याकडे बघत सांगते, “मार्चनंतर नाही आली.”

“आईला बोललीस?”

“नाही. कटकट गेली म्हटलं.”

बाई पुढे काही विचारत नाहीत. कागदावर ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या लिहितात, त्यात पोटॅशियमखाली रेघ मारतात, आणि सरांना सांगतात की आईला आजच बोलवा. मुलगी गेल्यावर मला म्हणतात, “लोकांना वाटतं, उपाशी राहण्याचा हा आजार हाडाच्या सापळ्यासारख्या दिसणाऱ्या मुलींचा. वजन तक्त्यात बसत असतानाही शरीर उपासमारीत असतं. किती आहे यापेक्षा किती वेगाने गेलं, ते बघायचं.”

मधली सुट्टी. बाकं जोडून डब्यांचे गट बसतात. पोळी-भाजी, थालीपीठ, कुणाच्या डब्यात कालची मसालेभाताची खरड. सतरा नंबरचा डबा सगळ्यात आधी उघडतो आणि सगळ्यात आधी रिकामा होतो. बटाट्याची भाजी एकीला, पोळ्या दुसरीला. “आज माझा गुरुवार आहे.” मैत्रीण माझ्याकडे बघून सांगते, “ताई, हिचा सोमवार असतो, गुरुवार असतो, शनिवार असतो, चतुर्थी असते. आणि उपवासाचंही खात नाही. आम्ही साबुदाण्याची खिचडी आणली तरी नको म्हणते.”

आपल्याकडे हे लपवायला फार सोयीची जागा आहे. ताटावरून न जेवता उठलेल्या मुलीला घरचे चार प्रश्न विचारतील. उपवास आहे म्हटलं की प्रश्न संपतात, वर शाबासकी मिळते. श्रावण त्यात आणखी सोपा. पण उपवास करणारी बाई दुसऱ्या दिवशी उपवास सोडते, वरण-भाताची वाट बघते. या मुलीचा उपवास सुटतच नाही.

ती हात धुवायला गेल्यावर तीच मैत्रीण हळू आवाजात पुढचं सांगते. गेल्या स्नेहसंमेलनात ही कोळीनृत्यात होती, पहिल्या रांगेत. त्याचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर आला तेव्हा कुणीतरी तिच्या तोंडावर भोपळ्याचं स्टिकर चिकटवलं. दोन दिवस तो व्हिडिओ फिरला. कुणी काढला नाही, कारण त्यात काही ‘घाण’ नव्हतं. “यंदा ती नाचणार नाही म्हणाली. पण सगळे म्हणतात ना आता, की मस्त दिसते.”

मी चहासाठी मागच्या फाटकाकडे जाते. वडापावच्या गाडीच्या आडोशाला, भिंतीकडे तोंड करून एकतीस नंबर खातो आहे. मघाशी वर्गात तो हात हलवून म्हणत होता, “डाएट चालू आहे आपलं,” आणि पोरं ओरडली होती, “टेम्पोचं डाएट!” आता तो न चावता गिळतो आहे. दुसरा वडापाव संपतो, तिसरा कागदात गुंडाळलेला. मला बघून तो थांबतो. सगळा विनोद उतरलेला.

“ताई, वर्गात सांगू नका.”

“सकाळी काही खाल्लं होतंस?”

“नाही. रात्री पण नाही.”

चिडवण्याचा परिणाम मुलींवरच होतो, मुलगे हसून सोडून देतात, असं घराघरांत धरून चाललेलं असतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास आहे, ‘प्रोजेक्ट ईट’. त्यातल्या अडीच हजारांवर मुलामुलींना पाच वर्षांनी पुन्हा गाठलं, त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. वजनावरून चिडवलेल्या मुलींमध्ये वारंवार डाएट करणाऱ्या जास्त निघाल्या. आणि चिडवलेल्या मुलग्यांमध्ये ताबा सुटून खाण्याची आणि वजन उतरवायला अपायकारक मार्ग धरण्याची सुरुवात जास्त आढळली. चारचौघांत उपाशी राहायचं आणि आडोशाला पोट फुटेस्तो खायचं, मग त्याची शरम, मग पुन्हा उपास. या भिंतीशी उभा असलेला मुलगा ‘खादाड’ नाही. त्याला भूक लागली आहे आणि ती उघडपणे भागवायची त्याला चोरी आहे.

साडेअकराला आई येते. ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे, तिथून थेट आलेली. मापाची टेप गळ्यात तशीच. शाळेच्या समुपदेशक बाईंच्या छोट्या खोलीत डॉक्टर, त्या आणि मी. मला बसायची परवानगी आईनेच दिली आहे.

“अहो, आम्हाला तर बरंच वाटत होतं,” ती म्हणते. “गणवेश दोनदा आत घेतला मी. शेजारच्या वहिनी विचारतात, काय केलंत म्हणून. सासूबाई तर सगळ्यांना सांगतात, आजकालच्या पोरी बघा आणि आमची नात बघा, किती उपवास करते.”

“सुरुवात कधी झाली असेल?”

ती आठवते. “दिवाळीत माझा भाऊ बोलला सगळ्यांदेखत. फराळाचा डबा हिनेच संपवला दिसतोय, असं. चेष्टेतच हो. तेव्हा उठून गेली होती ताटावरून.” भोपळ्याच्या व्हिडिओचं तिला ठाऊकच नाही. समुपदेशक बाई मोजक्या शब्दांत सांगतात. ती टेपशी चाळा करत ऐकते.

डॉक्टर विचारतात, “घरी स्वयंपाकघरात कितपत असते?”

“सारखी! रात्री मोबाइलवर रेसिप्या बघत बसते. जिवतीच्या शुक्रवारी सगळ्यांना पुरणपोळ्या करून घातल्या तिने. तूप वाढायला पण तीच. स्वतः एक घास नाही.”

डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात. “हे हट्टाचं लक्षण नाही, भुकेचं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात आन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं खाऊ घालायचं ते शोधायचं होतं. ही चांगली निरोगी माणसं. पण काही आठवड्यांत ती पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, जेवणाशिवाय दुसरा विषय सुचेना. चिडचिडी झाली, एकटी बसायला लागली, त्यांना सारखी थंडी वाजायची, नाडी मंदावली. उपाशी मेंदू असाच वागतो. तुमची मुलगी तुम्हाला वाढून स्वतःची भूक भागवते आहे.”

आई बराच वेळ बोलत नाही. मग तिचा सरळ प्रश्न येतो. “आता भरपूर खाऊ घालू?”

“एकदम नाही. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार बिघडतात, जिवावर बेतू शकतं. आधी तपासण्या. मग किती आणि कसं वाढवायचं ते मी आणि आहारतज्ज्ञ सांगू, मानसोपचारतज्ज्ञही सोबत असतील. ताट मात्र तुम्ही वाढायचं, ती ठरवणार नाही. आणि ती संपवेपर्यंत घरातलं कुणीतरी शेजारी बसायचं. ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. वजनाचा विषय घरात बंद. जाड म्हणायचं नाही, बारीक म्हणून कौतुकही करायचं नाही. सासूबाईंना मी भेटते हवं तर.”

“त्या ऐकतील,” आई म्हणते. “माझ्या भावाला मी बघते.” आणि टेप गळ्यातून काढून पर्समध्ये ठेवते.

शेवटच्या तासाला समुपदेशक बाई नववी ‘ब’वर जातात. फळ्यावर काही लिहीत नाहीत, कोऱ्या चिठ्ठ्या वाटतात. तुमच्या शरीरावरून तुम्हाला कुणी काय म्हणालं आणि कोण म्हणालं, एवढंच लिहायचं, आपलं नाव घालायचं नाही. सुरुवातीला खसखस पिकते. मग पेनं चालायला लागतात आणि बराच वेळ चालतात.

बाई चिठ्ठ्या वाचतात. हत्ती, वर्गातली मुलं. भोपळा, ग्रुप. बरगडी, सगळे. काडीपहिलवान, शेजारचा दादा. ‘हिला कोण करून घेणार’, आत्या. ‘खात्यापित्या घरची’, पप्पांचे मित्र. एका चिठ्ठीवर काय म्हटलं ते लिहिलेलंच नाही, नुसतं ‘आजोबा’. ‘घरच्यां’च्या चिठ्ठ्या येऊ लागतात तसा वर्ग अस्वस्थ होतो. मिनेसोटाच्या त्याच अभ्यासातली ३१ शाळांची, ४,७४६ विद्यार्थ्यांची पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली होती. ३० टक्के मुली आणि जवळपास २५ टक्के मुलगे म्हणाले होते की सोबतची मुलं वजनावरून चिडवतात. आणि जवळपास २९ टक्के मुली, १६ टक्के मुलगे म्हणाले होते की घरचीच माणसं चिडवतात. दोन्हीकडून ऐकावं लागणाऱ्या मुलांमध्ये निराशा आणि जीव द्यायचे विचार सगळ्यात जास्त सापडले होते.

मागच्या बाकावरून हात वर होतो. “बाई, पण मस्करी चालतेच की. आम्ही वाईट अर्थाने नाही बोलत. आणि तो स्वतःच हसतो.”

“हसला नाही तर काय कराल?” बाई विचारतात.

मुलगा विचार करतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, “अजून बोलू.”

“मग तो हसतो ते का, हे तुला कळलं.”

एकतीस नंबर खिडकीबाहेर बघतो आहे. बाई त्याच्याकडे वळूनही बघत नाहीत. तासभरात त्या वजन उतरवण्याच्या एकाही युक्तीचा उल्लेख करत नाहीत, आजारांची नावंही घेत नाहीत. ‘असं करू नका’ म्हणून यादी दिली की काही मुलं ती करून बघण्यासाठीच लक्षात ठेवतात, हे त्यांना माहीत आहे. बोलणं फक्त चिडवण्याबद्दल होतं. ग्रुपवर असा व्हिडिओ आला तर पहिल्यांदा ‘डिलीट कर’ कोण म्हणणार, असं त्या विचारतात. तीन-चार हात वर होतात. त्यात पहिला त्या मैत्रिणीचा.

शाळा सुटल्यावर पीटीचे सर डॉक्टरांपाशी येतात. त्यांचा प्रश्न खोटा नाही. “मॅडम, मुलांमध्ये लठ्ठपणाही वाढतोय. मग आम्ही बोलायचंच नाही का?”

“तो एकतीस नंबर मैदानावर येतो?”

सर थांबतात. “जूनपासून नाही. खो-खोत त्याला कुणी घेत नाही. पळाला की हसतात.”

“म्हणजे बोलून त्याचं वजन उतरलं नाही, खेळ सुटला. त्याला संघात घ्या, आकडा माझ्यावर सोडा. लठ्ठपणा आणि हे खाण्याचे आजार, दोन्हींसाठी डॉक्टर हल्ली एकच सांगतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली लेखीच दिलंय: मुलांना डाएटवर टाकू नका, जेवणं चुकवू देऊ नका, घरच्यांनी एकत्र जेवा, वजनावर बोलू नका, आणि कुणी चिडवतं का ते विचारा.”

सर नोंदवही मागतात. उंची-वजनाची पानं ते दोरीने बांधून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवणार आहेत. प्रगतिपुस्तकातला तो रकाना यंदा कोरा राहील आणि आकडे पालकांना बंद पाकिटातून जातील, असं ते सांगतात. गुणांच्या शेजारी छापलेलं वजन मुलं गुणांसारखंच वाचतात, हे त्यांना आज फळ्यामागे उभं राहून पटलंय.

चिडवून आजवर कुणी निरोगी झालेलं नाही. ज्यांचं वजन उतरलं, त्यांनी ते कशाच्या मोबदल्यात उतरवलं हे आपण विचारत नाही, म्हणून ती ‘यशाची’ उदाहरणं वाटतात. शाळांना विनंती एवढीच की काटा आडोशाला न्या आणि आकडा तोंडाने उच्चारू नका. याला पैसा लागत नाही, चाकांचा एक फळा पुरतो. आणि घरच्यांना: गणपतीला भाचरं-पुतणी दारात येतील. ‘केवढी झालीस गं’ आणि ‘काय रे, खायला घालत नाहीत का’ ही दोन्ही स्वागतं यंदा रद्द करा. प्रवास कसा झाला, हे विचारा.

वाढत्या वयाच्या मुलाचं वजन अचानक उतरलं, पाळी थांबली, उपवास वाढत गेले, जेवणानंतर लगेच न्हाणीघराचं दार बंद व्हायला लागलं किंवा खाऊ लपवून खाल्ला जाऊ लागला, तर कौतुक किंवा रागावणं दोन्ही बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा. मनातलं बोलायला सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. क्रमांक १४४१६. वर्गाच्या फलकावर तो आजच लिहून ठेवा.